बंडप्पाच्या चढावर डिक्कीची गाडी

हिवाळ्यात रस्ते कोरडे असतात, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकतर शहरातला असतो, नाहीतर गाड्या विकणारा असतो, असं दगडोबाचं पक्कं मत होतं. माकणी गावातल्या माणसाला विचारा. पावसाळ्यात निदान आभाळ सांगून येतं. हिवाळ्यात कॅनॉलला पाणी सुटतं, रात्रपाळीची लाईट येते, माणूस मोटार चालू करून गोधडीत शिरतो आणि त्याच्या गव्हाचं पाणी बांध फोडून दुसऱ्याच्या वाटेवर येऊन बसतं. त्यावरून उसाच्या ट्रॉल्या जातात. काळ्या मातीचं लोणी होतं. पहाटे वरून दव पडतं, आणि उन्हं आली की ती वाट इतकी साळसूद दिसते की नवखा माणूस हसतहसत तिच्यात गाडी घालतो.

हसतहसत गाडी घालणाऱ्यांचा दगडोबाला मनापासून तिटकारा होता, आणि त्यांत पहिला नंबर त्याच्या पोटच्या पोराचा होता. योगीराज धाराशिवला बँकेत होता. स्वतःच्या बापाच्या शेतात यायलाही तो मोबाइलला रस्ता विचारायचा, आणि मोबाइलमधली बाई त्याला दर वेळी भलत्याच गावाच्या शिवेवर नेऊन सोडायची. तरी त्याचा तिच्यावर विश्वास होता. बापावर नव्हता.

त्याच्याकडे डिक्कीची गाडी होती. पांढरी, लांबुळकी, जमिनीला पोट टेकवून चालणारी. दगडोबा तिला पलंग म्हणायचा. आत बसलं की माणूस बसत नाही, लोळतो. बाहेर निघायचं तर कुणाचा तरी हात धरावा लागतो. आणि या पलंगापायी, म्हणजे निदान दगडोबाच्या समजुतीप्रमाणे पलंगापायीच, त्याची जीप गेली होती. तीस वर्षं चालवलेली जीप पावसाळ्याच्या तोंडाला योगीराजनं वाशीच्या एका माणसाला विकून टाकली. का, तर सुटे भाग मिळत नाहीत, आणि दर रविवारी आमची गाडी येतेच की, अण्णा. कमलबाईनंही चकार शब्द काढला नाही. तीस वर्षं जीपमध्ये शेजारी बसून गेलेली बायको, पण जीप दारातून गेली तेव्हा ती आत शेंगा फोडत बसली होती. बायकांना गाडीचं काय कळतं, म्हणून दगडोबानं तिला माफ केलं होतं.

पण चाक सुटल्यापासून त्याचे हात शिवशिवत होते. माणसानं उठावं, चावी घ्यावी, वाटेल तिथं जावं. आता लोहाऱ्याला जायचं तरी कुणाच्या तरी दुचाकीमागं पोत्यासारखं बसावं लागायचं. त्याला चाक परत हवं होतं. आणि त्याचा सगळा भरवसा येळवशीवर होता. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, अख्खं गाव शेतात जातं, भाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील होते, वाटेवर दिसेल त्याला बोलावून जेवू घालतात. म्हणजे बघायला माणसं भरपूर. आणि दगडोबाच्या शेताला जायचं तर नाला उतरून बंडप्पाच्या रानाकडेचा चढ चढावा लागायचा. या दिवसांत बंडप्पाचा गहू पाण्यावर असतो. पलंग त्या चढावर चारचौघांत आडवा होणार, योगीराज तोंडात मारल्यासारखा होणार, आणि संक्रांतीच्या आत दारात जीप येणार, असा त्याचा सरळ हिशेब होता.

सकाळी निघायला उशीर झाला. कमलबाईनं भाकरी, सजगुऱ्याचे म्हणजे बाजरीचे उंडे, शेंगाच्या पोळ्या सगळं बांबूच्या डालीत भरलं, आंबिलीचं मडकं फडक्यानं बांधून मांडीवर घेतलं. योगीराज गाडी चालवायला, त्याची बायको वैष्णवी मागं सासूशेजारी, आणि दगडोबा पुढं, पलंगावर आडवा पडल्यासारखा.

"धुई लई हाय. जरा दमानं घे," दगडोबा म्हणाला.

"धुई कुठंय अण्णा? कवाच उठली की," योगीराज म्हणाला.

दगडोबानं त्याच्याकडं तुच्छतेनं पाहिलं. एसीत बसणाऱ्या माणसाला धुईतलं काय कळणार! त्याला स्वतःला तर झाडंसुद्धा पुसट दिसत होती. डॉक्टरनं चष्मा दिला होता, तो कपाटात होता. चष्मा मास्तरांनी लावायचा असतो.

नाला कोरडा होता. गाडी दगडगोटे खात उतरली, पलीकडं चढाला लागली, आणि निम्म्यावर गेल्यावर जे व्हायचं ते झालं. पुढची चाकं गरागरा फिरायला लागली, इंजिन ओरडायला लागलं आणि गाडी जागची हलेना. योगीराजनं काय केलं, तर आणखी जोरात पाय दाबला. अडचणीत सापडलेला शिकलेला माणूस नेहमी हेच करतो. जे जमत नाही तेच आणखी जोरात करतो. गाडी हळूच मागं घसरली आणि तिरकी होऊन थांबली.

दगडोबाला इतकं बरं वाटलं की त्यानं दार उघडून खाली उतरताना कुणाचा हातसुद्धा मागितला नाही. समोरनं बंडप्पा आलाच. जाडजूड माणूस, खांद्यावर फावडं, अंगावर सणाचा पांढरा सदरा, आणि आपल्याच पाण्यानं हा चिखल झाला याची चेहऱ्यावर काडीची लाज नाही.

"राती लाईट लई उशिरा आली बगा अण्णा," तो म्हणाला. "जरा डोळा लागला."

"तुझा डोळा लागला आन् आमचा पलंग लागला," दगडोबा म्हणाला. मग त्यानं सूत्रं हाती घेतली. चिखलात गाडी कशी काढायची हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. जीप अडकली की एकच उपाय असायचा: मागं वजन टाका. मागची चाकं मातीत रुतून धरली पाहिजेत. ट्रॅक्टरचंही तेच. त्यानं कमलबाईला आणि वैष्णवीला मागच्या सीटवर बसून राहायला सांगितलं, जेवणाची डाल डिक्कीत ठेवायला लावली, बंडप्पाच्या रानातले दोन मोठे दगड आणून डिक्कीत टाकायला लावले आणि खुद्द बंडप्पाला डिक्कीच्या झाकणावर चढवून बसवलं. बंडप्पा वर बसताच गाडीचं मागचं अंग खाली गेलं आणि नाक वर उठलं. बंडप्पाला आपण उपयोगी पडतोय असं वाटून आनंद झाला.

"मामा, ही गाडी फुडच्या चाकावर चालती," वैष्णवी खिडकीतून म्हणाली.

"चालंल, चालंल. समद्याच गाड्या चालत्यात," दगडोबा म्हणाला. सुनांनी गाडीत बसावं, गाडीबद्दल बोलू नये. ही पोरगी रोज धाराशिवहून लोहाऱ्याला औषधाच्या दुकानात स्वतः गाडी चालवत जायची, आणि त्यामुळं तिला आपल्याला काहीतरी कळतं असा भ्रम झाला होता. डांबरावर काय, कुणीही चालवतं.

"हां, घे आता!" तो पुढच्या चाकापाशी उभा राहून ओरडला.

योगीराजनं घेतलं. उचललेल्या नाकाखालची चाकं आता नुसती वाऱ्यावर फिरल्यासारखी फिरली. त्यांनी उकरलेला काळा राडा थेट दगडोबाच्या नव्या धोतरावर, सदऱ्यावर, टोपीवर आणि हुकूम सोडायला उघडलेल्या तोंडावर आला. गाडी मात्र दोन हात खाली गेली. बंडप्पा झाकणावरनं घसरून गव्हाच्या पाटात बसला.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबली होती. कुणी मोठ्यानं हसलं नाही, कारण सण होता आणि दगडोबा वयानं मोठा होता. पण न हसण्यासाठी माणसाला जे कष्ट पडतात ते सगळ्यांच्या तोंडावर दिसत होते.

कमलबाई मडकं घेऊन खाली उतरली. "बैलगाडी कधी हाकली हाय का न्हाय तुमी?" तिनं विचारलं.

"मला इचारतीस?"

"तुमालाच. मागं वझं जास्ती झालं की गाडी उलाळती. उलाळली की जू बैलाच्या मानंवरनं वर जातं. मग बैल काय वढतील, वारा? ही फुडून वढणारी हाय म्हनती पोरगी, आन् तुमी मागं बंडप्पा बसवलाव."

दगडोबाकडं यावर उत्तर होतं. बैल वेगळे, इंजिन वेगळं, बायका वेगळ्या. पण तोंडात चिखल होता. आणि खरं सांगायचं तर उलाळ गाडी म्हणजे काय हे त्याच्याइतकं गावात कुणाला ठाऊक नव्हतं. पोरपणापासून कडब्याच्या गाड्या भरताना त्यानं हजार वेळा गड्यांना शिव्या घातल्या होत्या, वझं धुरेवर घ्या, मागं उलाळ करू नका. मग तीस वर्षं जीप चालवली आणि बैलांचं शहाणपण जीपनं पुसून टाकलं. हे त्याच्या ध्यानात आलं, आणि ते बायकोच्या तोंडून आलं म्हणून त्याला आणखीच संताप आला.

वैष्णवीनं नवऱ्याला खाली उतरवलं. डाल काढली, दगड काढले आणि स्वतः चालवायला बसली. गाडी नाल्यात उतरवून तिथल्या पसरट जागेत तिनं ती फिरवली आणि चढाकडं तिचं बूड केलं.

"हे काय आता?" दगडोबानं विचारलं.

"उलटी नेते मामा. चढावर समदं वझं खालच्या अंगाला येतं. खाली नाक ठेवलं की वझं वढणाऱ्या चाकावर येईल."

"येळवशीच्या दिशी शेताला बूड दावून जायाचं?"

"शेताला काय कळतंय त्यातलं?" कमलबाई म्हणाली.

वैष्णवीनं मान वळवली, एक हात बाजूच्या सीटवर टाकला आणि गाडी मागं घेतली. इंजिन ओरडलं नाही. चाकं फिरली, थोडी घसरली, मग त्यांनी धरलं. पांढरा पलंग, बुडाकडून, एखादी म्हातारी जिना चढावी तसा एक एक हात वर सरकत गेला. योगीराज आणि बंडप्पा बॉनेटवर हात टेकून बरोबर चालत होते. वजन देत होते की नुसतेच शोभेला होते, सांगता येत नाही. वरच्या कोरड्या बांधापाशी गाडी थांबली आणि बंडप्पानं अशी टाळी वाजवली जशी काही त्यानंच ती चढवली.

दगडोबा चिखलाचं धोतर धरून पायी चढून गेला. सगळ्या जगाबद्दल त्याच्या मनात तुच्छता होती. पोराला गाडी चालवता येत नाही म्हणून, सुनेला येते म्हणून, आणि बंडप्पाबद्दल तो बंडप्पा आहे म्हणून. शेतात पूजेला कडब्याची कोप, छोट्या खोपीसारखी, उभी होती, पूजा झाली, रानाला आंबील शिंपडून झाली, माणसं जेवायला बसली. येणारा प्रत्येक जण विचारायचा, गाडी अशी उलटी का उभी हाय? आणि बंडप्पा, जो पहिल्या हाकेला जेवायला येऊन बसला होता, तो प्रत्येकाला पहिल्यापासून सांगायचा. प्रत्येक वेळी त्यात त्याचा स्वतःचा वाटा वाढायचा आणि दगडोबावरचा चिखलही वाढायचा.

"ह्यात काय मर्दुमकी?" भज्जीत भाकरी कुस्करत दगडोबा शेवटी म्हणाला. "माणूस गाडी घेतो ती फुडं जायाला. खेकड्यासारखं मागं जायचं, आन् त्याचं कौतुक! जीप आसती तर सरळ नाकानं चढली आसती. चालवणारा मातर पायजे."

कमलबाईनं त्याच्या वाटीत आणखी आंबील ओतली. वैष्णवी पोळ्या वाढत राहिली. तिचं हे वाढत राहणंही त्याला उद्धटपणाचंच वाटलं.

दिवस कलला तसा तो उठला. मनाशी ठरलं होतं. गाडीचं नाक आता उताराकडंच होतं, म्हणजे उलटसुलट नाटकाचा प्रश्नच नव्हता. नुसतं खाली उतरायचं, पहिल्या गियरवर, ब्रेकला पाय न लावता. हे त्याला झोपेतही जमलं असतं. आणि ज्या माणसांनी सकाळी त्याला चिखलात पाहिलं, त्यांनीच त्याला चाकावर बसलेलं पाहायला हवं होतं.

"चावी दे," तो योगीराजला म्हणाला.

योगीराजचा हात खिशापाशी थांबला. त्यानं आईकडं पाहिलं, बायकोकडं पाहिलं. आयुष्यात बापाला नाही म्हणायची सवय नव्हती त्याला. आताही झाली नाही. त्यानं चावी दिली.

दगडोबा आत बसला. सीट पुढं घेतली, आरसा नीट केला. चावी फिरवली. गाडीनं इतका बारीक आवाज केला की ती चालू झाली की नाही तेच कळेना. चाकावर हात ठेवल्याबरोबर त्याच्या छातीत काहीतरी मोकळं झालं. पलंग असो नाहीतर काही असो, चाक ते चाक. त्यानं हॉर्न वाजवला. "बसा रे समदे!"

वैष्णवीला तेवढ्यात हरभऱ्याचा ढाळा उपटायचा राहिल्याचं आठवलं. "तुमी व्हा फुडं मामा, आमी येतो मागनं." योगीराजला बंडप्पाचा फुटलेला बांध बघायचा होता, बांध आणि योगीराज यांचा आजवर कधी संबंध आला नव्हता. बंडप्पाला तर नाल्याच्या पलीकडंच जायचं होतं, आणि फुकट गाडीत बसायची संधी त्यानं जन्मात सोडली नव्हती. तो म्हणाला, "जेवण लई झालं अण्णा, चाललं म्हंजी जिरंल." आणि तो गव्हाच्या कडेनं, जवळजवळ पळतच, निघून गेला.

भित्रे लेकाचे, दगडोबा मनात म्हणाला. चिखलाला भितात. त्यानं बाजूचं दार आतून ढकलून उघडलं. "ये गं, बस," तो कमलबाईला म्हणाला. ती तीस वर्षं याच बाजूला बसली होती.

कमलबाईनं रिकामं मडकं कमरेवर घेतलं. "म्या चालत येते," ती म्हणाली.

"रोज कंबर धरली म्हनतीस, आन् आता चालत?"

"व्हय."

"तूबी भेलीस का चिखलाला?"

ती दोन पावलं गेली होती. ती परत आली, उघड्या दारापाशी वाकली. आजूबाजूला कुणी नाही हे तिनं पाहून घेतलं.

"चिखलाला न्हाय भेले," ती म्हणाली. "उन्हाळ्यात तेरला पाव्हण्याकडं गेलतो, ध्यानात हाय? वाटंत तुमी हॉर्न वाजवून वाजवून मला म्हनलाव, ती बाई सरकंना का झालीया. ती बाई न्हवती. मैलाचा दगड हुता."

"मग? ऊन हुतं डोळ्यावर. हुतं आसं."

"हुतं. पर त्याच्या आदी एक बाई खरीच हुती. डोक्यावर चाऱ्याचा भारा. ती तुमाला दिसलीच न्हाय. भारा टाकून रस्त्याकडंच्या चारीत उडी मारली तिनं, म्हून वाचली. म्या मागं वळून बघितलं, ती उठून बसल्याली दिसली, मग माझ्या जिवात जीव आला. तुमाला काय बोलले न्हाय. घरी आले आन् योगीराजला म्हनलं, जीप इक. त्यो तयार न्हवता. अण्णाला काय वाटंल म्हनला. म्या जेवले न्हाय दोन दीस, तवा त्यानं इकली."

इतके महिने दगडोबानं पोराला नावं ठेवली, गाडीला नावं ठेवली, सुनेला ठेवली. शेंगा फोडत बसलेल्या बाईकडं मात्र त्यानं कधी नीट पाहिलंच नव्हतं. आधी त्याला संताप आला, मग त्या संतापाखालून भीती आली, आणि ती भीती त्याला अजिबात आवडली नाही.

"खोटं बोलतीस," तो म्हणाला. "मला समदं दिसतंय."

"दिसत आसंल तर या," कमलबाई म्हणाली. तिनं दार लावलं आणि ती वाटेनं चालू लागली.

ती मागं वळली नाही. दगडोबानं पहिला गियर टाकला. दाखवूनच देतो, असं तो स्वतःशी मोठ्यानं म्हणाला. वर बांधापाशी वाटेच्या दोन्ही बाजूंना पुरुषभर ज्वारी उभी होती. उतार मावळतीला तोंड करून होता. खाली गेलेला सूर्य थेट समोरच्या काचेवर आला होता आणि काचेवर सकाळचा राडा वाळून पांढरा पडला होता. समोर नुसता पिवळा झोत होता. कडेला हिरवं होतं, तेवढं कळत होतं. कमलबाईची साडी हिरवी होती. ती कडेकडेनं चालत असणार, मधला चिखल टाळून. पुढं बरीच गेली असणार. क्लचवरचा पाय निम्मा उचलला गेला होता आणि गाडी हलायच्या बेतात होती. त्यानं डोळे बारीक केले, काचेपाशी तोंड नेलं. ज्वारी दिसत होती. की ती ज्वारी नव्हती?

त्यानं खिडकी खाली केली.

"अगं ए, कुठं हायस?"

"हितं," आवाज अगदी बॉनेटपाशीच आला. "गाडीफुडंच हाय. पदर गुतलाय धाटात, सोडवतेय. तुमी कवाधरनं माझ्याकडंच बघताव की."

दगडोबाचा पाय क्लचवर पुन्हा पुरा दाबला गेला आणि तसाच राहिला. त्यानं चावी फिरवली. इंजिन बंद झालं. ज्वारीतनं पाखरांचा कालवा तेवढा ऐकू येत होता.

"वैष्णवीला हाक मार," तो म्हणाला. "चावी तिच्यापाशी दे."